सायलेन्सरमधून खडखड येतेय? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याआधी हे तपासा

सिग्नलला गाडी उभी आहे आणि खालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतोय. अशा वेळी अनेकदा थेट 'कॅट गेला' असं सांगितलं जातं. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा एक्झॉस्टमधला सर्वात महागडा भाग ठरतो. पण खडखड एखाद्या सैल पत्र्याचीही असू शकते.

१९८९ मध्ये आलेली माझ्दा एमएक्स-५, म्हणजेच अमेरिकेतली 'मियाटा', हे याचं चांगलं उदाहरण. या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या पिढीत कॅट गाडीच्या पोटाखाली फ्लँज आणि बोल्टने जोडलेला असतो. त्यामुळे आवाज शोधणं आणि कॅट बदलणं तुलनेने सोपं जातं.

आवाज नेमका कुठून येतो?

गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. ती जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. मग रबरी हातोडीने एकेक भाग हलकेच ठोकावा.

• पातळ, पत्र्यासारखा झणझण आवाज : हीट शील्ड सैल झालं आहे. बोल्टभोवतीचा पत्रा गंजतो आणि ठरावीक आरपीएमला थरथरतो. नवा बोल्ट, मोठा वॉशर किंवा स्टीलचा क्लॅम्प लावून बहुतेकदा काम भागतं.
• खड्ड्यातून जाताना धडधड : पाइप लटकवणारे रबर हँगर तडकले किंवा ताणले आहेत.
• मागच्या डब्यातून खुळखुळ : मफलरच्या आतला पत्रा सुटला आहे.
• कॅटमध्येच खडे वाजल्यासारखा आवाज : आतली सिरॅमिकची जाळी फुटली आहे.

चौथी शक्यता खरी असेल, तर इतर खुणाही दिसू शकतात. जाळीचे तुकडे वाट अडवतात आणि गाडी जोर धरत नाही. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांत ओबीडी-२ यंत्रणा आहे. तिथे 'पी०४२०' हा कोड कॅटची क्षमता घटल्याचं सुचवतो. पण तेवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण एक्झॉस्टमधली गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सरही तोच कोड आणू शकतो.

जाळी फुटते कशामुळे?

हा प्रश्न वगळला तर नवा कॅटही टिकत नाही. इंजिन मिसफायर करत असेल, तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि अति उष्णतेने जाळी वितळते. इंजिन ऑइल जळत असेल, तर त्याचा थर जाळीवर बसतो. त्यामुळे आधी स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि ऑइलचा खप तपासावा.

बदलताना काय करतात?

१. गंजलेल्या नट-बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून काही तास थांबतात. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण गंजाचे कण थेट तोंडावर पडतात.
२. कॅटवर ऑक्सिजन सेन्सर असेल, तर त्याची वायर सोडवून तो खाचेच्या सॉकेटने काढतात.
३. दोन्ही फ्लँज उघडून जुना कॅट उतरवतात. फुटलेले तुकडे पुढे मफलरमध्ये अडकलेत का, हेही पाहतात.
४. नव्या कॅटवरचा बाण मागच्या दिशेला, म्हणजे धूर जातो त्या बाजूला ठेवतात. गॅस्केट आणि नट नवेच वापरतात.
५. सगळे बोल्ट आधी सैल लावतात, पाइप सरळ रेषेत आणतात आणि मगच आवळतात. पाइप तिरका बसला, तर खडखड पुन्हा सुरू होते.

शेवटी मोकळ्या जागेत इंजिन सुरू करून जोडांवर गळती तपासतात. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

कॅट काढून सरळ पाइप लावला तर?

आवाज दमदार येतो, पण विषारी वायूही थेट हवेत जातो. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचा चालू कॅट काढणं बेकायदा आहे. भारतात मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल कारना कॅट सक्तीचा झाला. आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार हवा आणि ध्वनिप्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

थोडक्यात, आधी हातोडी, मग पाना आणि सगळ्यात शेवटी पाकीट.