‘गोल्डन वंडर’ मासा मूळचा आपलाच. मग तो सोनेरी कसा झाला?

बालाघाट : फिशटँकच्या दुकानांत ‘गोल्डन वंडर’ नावाने मिळणारा लांबट, पिवळाधमक मासा अनेकांनी पाहिला असेल. पाण्याच्या अगदी वरच्या थरात काठीसारखा स्थिर राहतो आणि वर मच्छर टेकला की झडप घालतो. बरेच जण त्याला परदेशी समजून घेतात. पण हा मासा आपल्याच पश्चिम घाटातला. फ्रेंच अभ्यासक व्हॅलेन्सिएन यांनी १८४६ मध्ये त्याची नोंद केली, तीही मुंबईच्या नमुन्यावरून. शास्त्रीय नाव अप्लोकायलस लिनिएटस. केरळात याच्या जातभाईंना ‘मानत्तुकण्णी’ म्हणतात, म्हणजे आभाळाकडे डोळे लावलेला.

तो ‘किलीफिश’ गटात मोडतो. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. इंग्रजीतल्या मारण्याशी त्याचा संबंध नाही, डच भाषेत ‘किल’ म्हणजे ओढा.

ओढ्यात, भातखाचरात सापडणारा मूळ मासा सोनेरी नसतोच. अंग हिरवट-पितळी, त्यावर ओळीने चमकदार ठिपके, मागच्या भागात काळसर उभे पट्टे. मादीला पट्टे जास्त ठळक आणि पाठीच्या पराच्या बुडाशी काळा डाग. सोनेरी वाण माणसाने टाकीत पैदास करताना निवडून टिकवला.

माशाच्या कातडीत रंगाच्या वेगवेगळ्या पेशी असतात. काही काळ्या, काही पिवळ्या-लाल, काही नुसत्या चकाकणाऱ्या. काळा रंग कमी पडला की खालचा पिवळा उघडा पडतो. म्हणजे सोनेरी माशात नवा रंग आलेला नसतो, जुना गेलेला असतो.

माशांमध्ये असा बदल सहसा ‘अप्रभावी’ असतो, म्हणजे पिल्लाला तो आई आणि बाप दोघांकडून मिळावा लागतो. त्यामुळे शुद्ध पट्टेदार नराशी सोनेरी मादी लावली तर पहिली पिढी पट्टेदारच निघते. अशा वेळी लोकांना वाटतं दुकानदारानं फसवलं. तीच पिल्लं आपसात लागली की पुढच्या पिढीत साधारण चारात एक सोनेरी दिसतो. हिशेब मेंडेलच्या वाटाण्यांचाच. जपानमध्ये तात्सुओ आयदा यांनी १९२१ मध्ये मेडाका माशाच्या रंगावर असाच निबंध लिहिला. त्यात लाल रंग बापाकडून थेट मुलाकडे जातो, हे दाखवलं. गंमत म्हणजे तेव्हा मेडाकालाही अप्लोकायलसच म्हणत.

आफ्रिकेत पावसाळी डबक्यांत राहणारा नोथोब्रँकियस फुर्झेरी हा किली त्याहून अजब. डबकं आटलं की मासे मरतात, अंडी चिखलात थांबून राहतात. त्याच्या नरांची शेपूट कुठे पिवळी, कुठे लाल. संकर केल्यावर पिवळा रंग लालवर भारी पडतो, असं प्रयोगांत दिसलं. म्हणूनच जाणकार पाळणारे माशाच्या नावापुढे तो कुठून आणला त्या गावाचं नाव लिहितात आणि दोन ठिकाणचे मासे मिसळत नाहीत.

सगळा रंग रक्ताचाच असतो असंही नाही. पिवळा-लाल रंग ज्या द्रव्यातून येतो ते मासा स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातून घेतो. नुसत्या स्वस्त दाण्यावर ठेवलेला गोल्डन वंडर फिका पडतो. डासाच्या अळ्या, बारीक झिंगे दिले की फरक पडतो. घाबरलेला मासाही फिका दिसतो, तेव्हा दुकानात पिशवीत पाहून भाव ठरवू नये. बाजारात काही जातींना सुईने रंग टोचूनही विकतात. तो रंग काही महिन्यांत उतरतो आणि पिल्लांत येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा मुद्दा. बैहर, बिरसा भागात मलेरिया जुनाच, आणि हा मासा अळ्या खातो, म्हणून तो विहिरी-बोड्यांत सोडावा असं कुणालाही सुचेल. घरच्या सिमेंटच्या टाकीत ठेवला तर हरकत नाही. पण बोडीत, तलावात किंवा वैनगंगेत सोडू नये. हा शिकारी मासा लहान मासेही गिळतो, आणि वैनगंगा इथून गोंदिया, भंडाऱ्याकडेच जाते. कोकणात किंवा घाटावर तर धोका वेगळाच. तिथे रानटी भाऊबंद आहेत, त्यांच्यात टाकीतलं रक्त मिसळलं की ते परत वेगळं काढता येत नाही.

व्यवसाय करू पाहणाऱ्यांसाठी : २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरगुती रंगीत मासे युनिट बसतं. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत. सुरुवात एका जोडीने करू नका. एकाच घाण्यातली भावंडं पिढ्यान्‌पिढ्या लावली की वाकड्या पाठीची, कमजोर पिल्लं येऊ लागतात. दोन-तीन ठिकाणांहून मासे घ्या आणि कोणती पिल्लं कोणाची, ते वहीत मांडा. अंडी तरंगत्या वनस्पतीच्या मुळांना चिकटतात, साधारण दोन आठवड्यांत फुटतात. ती वेगळ्या भांड्यात काढा, नाहीतर आईबापच खातात. टाकीला झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो.