हौशी फुटबॉलचे दोन शेजारी

रत्नागिरीच्या दक्षिणेस गोवा, आणि आंबा घाट चढून गेले की कोल्हापूर. फुटबॉलच्या दृष्टीने आम्हां रत्नागिरीकरांचे हे दोन थोर शेजारी.  पोटापाण्याचा उद्योग सांभाळून खेळणाऱ्या प्रौढांनी दोन्हीकडे लीग उभी केली. ती कशाच्या आधारावर, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

गोव्यात हा खेळ फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी १८८३ मध्ये शिवोली येथे रुजवला, असे मानले जाते. शाळांतून तो गावोगाव गेला. १९५१ मध्ये पोर्तुगीज अमदानीतच लीग सुरू झाली, १९५९ मध्ये गोवा फुटबॉल संघटना स्थापन झाली. पुढे साळगावकर, धेंपो अशा खाण-उद्योजकांचे संघ आले. खेळाडूंस नोकऱ्या मिळू लागल्या आणि ‘हौशी’ हा शब्द सैल पडत गेला. १९९८ पासून वरचा गट उघडपणे व्यावसायिक लीग म्हणवू लागला.

कोल्हापूरची गोष्ट निराळी. शाहू महाराजांनी कुस्तीस आश्रय दिला, पेठापेठांतून तालमी गजबजल्या. त्याच तालमींच्या नावाने पुढे फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे मालकांची नव्हेत, शेजाराची आहेत. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन ही लीग चालवते. हंगामापूर्वी प्रत्येक खेळाडूची नोंदणी होते. वरिष्ठ गटात सोळा संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळावे म्हटले तरी एकशे वीस सामने होतात! तेवढ्यांना मैदान, पंच आणि तारखा पुरवणे हे केवळ उत्साहाचे काम नव्हे. ही संस्था १९११ च्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्न, आणि ती अखिल भारतीय महासंघाशी.

सुट्टीतील चषकस्पर्धा आणि लीग यांतला भेद आमच्या मंडळांनी ध्यानी घ्यावा असे वाटते. बाद पद्धतीत हरलेला संघ त्याच दिवशी घरी जातो. लीगमध्ये त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरावे लागते, आणि तळाशी राहिला तर खालच्या गटात जावे लागते. म्हणून सराव वर्षभर टिकतो.

पेठेच्या अभिमानाची किंमतही कोल्हापूरने मोजली आहे. समर्थकांच्या हुल्लडबाजीने सामने बिघडले, आणि ईर्ष्येपोटी मानधन देऊन परदेशी खेळाडू आणण्याची चाल पडली. तालमीच्या संघात तालमीचीच मुले किती, हा प्रश्न तेथील जुने प्रेक्षक विचारतात, आणि तो आम्हांस रास्त वाटतो. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.