नावडता ‘ब्लोअर’

इंजिनात जबरीने हवा कोंबून शक्ती वाढवणे डब्ल्यू. ओ. बेंटली यांना मुळीच मान्य नव्हते. शक्ती हवी तर इंजिनच मोठे करावे, असे त्यांचे मत. पण कंपनीची सूत्रे तेव्हा वूल्फ बार्नाटो यांच्या हाती होती आणि शर्यतपटू टिम बर्किन यांनी त्यांचे मन वळवले. साडेचार लिटरच्या गाडीला रेडिएटरपुढे सुपरचार्जर बसला. तीच ‘ब्लोअर बेंटली’. चालवणे म्हणजे कसरतच, ॲक्सिलरेटर चक्क मधल्या पेडलवर!

१९३० च्या ल मान्स शर्यतीत बर्किन यांनी मर्सिडीजला झुंजवले, पण त्यांची गाडी शर्यत पुरी करू शकली नाही. जिंकली सुपरचार्जर नसलेली, साडेसहा लिटरची ‘स्पीड सिक्स’. चालकांत खुद्द बार्नाटो. पुढच्याच वर्षी कंपनी रोल्स-रॉइसकडे गेली.

२००३ ची आलिशान ‘काँटिनेंटल जीटी’ मात्र दोन टर्बोचार्जर घेऊनच अवतरली. ब्लोअरचा सुपरचार्जर क्रँकशाफ्टवर फिरे, टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरतो. हवा कोंबण्याचे तत्त्व तेच. शक्ती ५५२ अश्वशक्ती, रस्त्यावरच्या ब्लोअरच्या तिपटीहून अधिक, आणि आत बसलेल्याला त्या यंत्राची चाहूलही नाही.