अरुण फडके आणि ग्रिडचा कोन

स्वच्छ ऊर्जेचा इतिहास बहुधा पवनचक्क्या आणि सौर पॅनलच्या अंगाने सांगितला जातो. माझ्या मते त्यातले कळीचे प्रकरण मोजमापाचे आहे, आणि ते घडले रिलेच्या अभ्यासात, जिथे सौरऊर्जेचा विषयही नव्हता. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले अरुण फडके १९७०च्या दशकात 'अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर' कंपनीत संगणकीय रिलेवर काम करत होते. वाहिनीत बिघाड होताच ती क्षणार्धात तोडणे हे रिलेचे काम. तेव्हाच्या मंद संगणकांना सगळी गणिते वेळेत उरकत नसत, म्हणून फडके आणि सहकाऱ्यांनी ती एका सुटसुटीत सूत्रात बसवली. त्या सूत्रातून विद्युतदाबाचा कोनही, म्हणजे त्याची लहर त्या क्षणी कोणत्या टप्प्यावर आहे हेही, हाती येऊ लागला. दोन उपकेंद्रांतल्या कोनांत किती फरक आहे यावर त्यांच्यामधला वीजप्रवाह ठरतो. फरक फार वाढला की ग्रिड तुटण्याच्या बेतात असते. हे सर्वांना ठाऊक होते, पण कोन थेट मोजता येत नव्हता. १९६५च्या ईशान्य अमेरिकेतल्या ब्लॅकआउटनंतर एमआयटीचे फ्रेड श्वेप यांनी तो इतर मोजमापांवरून काढण्याची रीत दिली. तेही शेवटी अनुमानच. दूरदूरचे कोन एकाच क्षणी मोजायला हवेत, म्हणून अडचण घड्याळाची होती. ५० हर्ट्झला एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे तब्बल १८ अंश! जीपीएसने मायक्रोसेकंदाची अचूकता दिली, आणि १९८८मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये फडके आणि कॉर्नेलचे जेम्स थॉर्प यांच्या कामातून कोन थेट मोजणारे पहिले पीएमयू (फेझर मेजरमेंट युनिट) साकारले.

मग श्रेय जीपीएसचेच नाही का? नाही. घड्याळ सर्वांनाच उपलब्ध होते. ते कशाला जोडायचे, हे रिलेच्या कामात मुरलेल्यांना उमगले. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ३० जुलै २०१२ला उत्तर भारताचे ग्रिड कोसळले तेव्हा तिथे काही पीएमयू बसवलेले होते, तरी अंधार झालाच. बीना–ग्वाल्हेर वाहिनीवरचा वाढलेला भार म्हणजे बिघाड असे समजून रिलेने ती तोडली, आणि तिथून पडझड सुरू झाली. मोजणे म्हणजे वाचवणे नव्हे, हे मान्यच करावे लागते. पण चौकशीत घटनाक्रम उलगडायला पीएमयूच्या नोंदी उपयोगी पडल्या, आणि नेमके कारण कळल्याशिवाय दुरुस्ती कशाची करणार? पुढे तर मोजण्याची गरज वाढतच गेली. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले. तेव्हापासून राजस्थानातल्या सौरविजेतली मोठी घट केरळच्या वारंवारितेतही उमटते. त्यातच सौरवीज इन्व्हर्टरमधून येते. औष्णिक केंद्रातल्या जड चक्राचा वेग धक्का थोडा वेळ पेलतो, तसा आधार तिला आपोआप नसतो. म्हणून वारंवारिता झपाट्याने ढळते. काही सेकंदांनी एकदा आकडे गोळा करणारी जुनी यंत्रणा इथे पुरत नाही. पीएमयू सेकंदाला २५ ते ५० नोंदी देते.