टिक, द

महानायकांच्या रूढ संकेतांचे विडंबन करणारी अल्पजीवी अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका (२००१-०२). टिक म्हणजे गोचीड. बेन एडलंड यांनी १९८६ मध्ये निर्मिलेल्या या पात्रावर आधी चित्रकथा (१९८८) व ॲनिमेशन मालिका (१९९४–९६) निघाली (पहा : चित्रकथा). फॉक्स वाहिनीवरील २००१-०२ च्या मालिकेत निळ्या वेशातला, अफाट बळाचा पण बालबुद्धीचा टिक पॅट्रिक वॉरबर्टन यांनी साकारला. साथीदार आर्थर हा नोकरी सोडून पतंगाचा वेश चढवणारा हिशेबनीस. मारामाऱ्या थोड्या, उपाहारगृहातल्या गप्पा, एकटेपणा, फसलेली प्रेमप्रकरणे हाच कथानकाचा मुख्य ऐवज आणि मालिकेचे खरे वेगळेपण (पहा : विडंबन). नऊ भाग तयार झाले, आठ दाखवले गेले. ॲमेझॉनने २०१६–१९ मध्ये पीटर सेराफिनोविच यांना घेऊन नवी मालिका काढली.