पाठ्यपुस्तकाबाहेरचे टिळक



स्मरणिकेच्या संपादकांनी "तू इतिहास शिकवतोस, तेव्हा इतिहासावरच लिही" असे बजावले आणि पानांची मर्यादाही घातली. विषय मात्र मला शोधावा लागला नाही. 'केवढे हे क्रौर्य' आपल्या सगळ्यांची तोंडपाठ होती. कवितेखाली 'रेव्हरंड ना. वा. टिळक' असे छापलेले असे. वर्गातले निम्मे लोक त्यांना लोकमान्यच समजत. चूक अगदीच वेडगळ नव्हती म्हणा. दोघेही चित्पावन, दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले आणि वयात अवघे पाच वर्षांचे अंतर. पण 'रेव्हरंड' या शब्दाशी कोणी थांबले नाही, कारण त्याला परीक्षेत गुण नव्हते. आज त्या एका शब्दाबद्दलच लिहितो.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, करजगावचा. संस्कृत उत्तम, वक्तृत्व फर्डे, काव्य हुकमी. नोकरी मात्र एकही टिकत नसे. तिशीपर्यंत या माणसाने किती गावे आणि किती बिऱ्हाडे बदलली याचा हिशेब लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मांडला आहे, आणि तो वाचताना हसावे की त्या बाईबद्दल हळहळावे हे समजत नाही. त्या काळी टिळकांच्या डोक्यात देशासाठी एक नवा धर्म काढण्याची कल्पना घोळत होती.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले. उतरताना त्यांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळक पुस्तक वाचू लागले ते खुणा करत, टीकाकाराच्या नजरेने. डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो एतद्देशीय पाळकाच्याच हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता, आणि रेव्हरंड तुकारामजी नथोजी यांनी तो दिला. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. साहेबाचा धर्म घेतला म्हणून माणूस साहेबाचा होतो, हा समज टिळकांनी पहिल्याच दिवशी मोडायला घेतला होता.

श्रद्धा बदलली की माणसाचे काय बदलते, असा प्रश्न माझे विद्यार्थी विचारतात. टिळकांचा स्वभाव बदलला असे मला दिसत नाही. ते आधीही तापट होते, नंतरही. हातातला पैसा वाटेत दुसऱ्याला देऊन रिकाम्या हाताने घरी येण्याची खोड दोन्ही काळांत सारखीच. बदलला तो क्रम. आधी विद्वत्तेचा मान, सभेतली टाळी, नवधर्माचा संस्थापक होण्याची हौस. माणसे त्याच्या मागून. नंतर रांग उलटी झाली. नगरला येऊन त्यांनी ज्यांच्यात काम केले ते ख्रिस्ती बहुसंख्येने महार-मांग समाजांतून आलेले होते. अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ पासून होते, पण देवळातली गाणी पुष्कळशी इंग्रजी चालींची होती. टिळकांनी तिथे अभंग आणला, भजन आणले, कीर्तन उभे केले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. म्हणजे संस्कृत पंडिताची सगळी पुंजी आता अशा माणसांसाठी खर्च होऊ लागली, ज्यांच्या सावलीचाही त्यांच्या जन्मजातीला विटाळ होत असे. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेतल्या गीतांत मोठा वाटा त्यांचाच आहे.

पण ही किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही, आणि इथे मी त्यांच्यावर थोडा रागावूनच लिहितो. बाप्तिस्मा त्यांचा, आणि आकाश कोसळले ते लक्ष्मीबाईंवर. पदरात लहानगा दत्तू, नवरा जिवंत आणि तरी संसार नाही. नातेवाइकांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरात, अशी त्यांनी वर्षे काढली. १८६६ च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याला, जोडीदार नांदायला तयार नसेल तर, विवाह मोडून घेण्याची वाट ठेवली होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवे.

पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, पण आपले सोवळे बरोबर घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळे. ज्या घरात त्या वाढल्या तिथे वडिलांच्या सोवळ्यापायी बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतले जाई! अशा बाईला कोणी वादात जिंकून ख्रिस्ती करणार नव्हते, आणि टिळकांनाही ते जमले नाही. तिचे मन हलले ते एकटीने विचार करताना. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत जशी वेगळी रूपे आहेत तशी माणसांत नसती का दिसली? हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, उत्तर स्वतःच दिले, आणि कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. हे आधी झाले. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली, राहुरीला. टिळकांना पुस्तकाने गाठले आणि लक्ष्मीबाईंना पाण्याच्या तांब्याने, असे मी वर्गात सांगतो. मुलांना ते लक्षात राहते.

त्या सुमारास दख्खनात दुष्काळ पडला होता. टिळकांच्या घरात स्वतःच्या मुलांबरोबर दुसऱ्यांचीही किती मुले वाढली! ज्या बाईला कोणाचा स्पर्श चालत नव्हता ती आता कोणाचेही पोर मांडीवर घेत होती. बालकवी ठोंबरेही या घरात राहून गेले. ते हिंदूच राहिले, आणि टिळक दांपत्याची माया त्यामुळे कमी झाल्याचे दिसत नाही.

टिळकांचा क्रम पुढेही बदलत राहिला. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन आले, ख्रिस्ती समाजात नाव झाले. इथे एखादा स्थिरावला असता. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य त्यात एकत्र यावेत ही कल्पना. साताऱ्यास बिऱ्हाड केले. मिशनला ते रुचणे कठीण होते आणि सनातन्यांना तर नव्हतेच. पगार गेला, प्रकृती गेली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. दरबार रुजायला वेळच मिळाला नाही.

त्यांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. सुरुवातीचे थोडे अध्याय टिळकांचे. बाकीचे बहुतेक सगळे, ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी रचले. वर 'स्मृतिचित्रे' लिहिले ते वेगळेच. माझ्या मते मराठी गद्यात त्याला तोड नाही. आपल्या बाई त्यातला उतारा वाचताना स्वतःच हसत सुटत, ते तुम्हाला आठवत असेल.

मित्रांनो, एक गोष्ट राहते. टिळकांची कथा आपल्याला कळते, कारण त्यांच्या घरात लिहिणारे होते. आपल्या वर्गात पाच-सहा जण ख्रिस्ती होते, नगर जिल्ह्यातल्याच गावांतले. त्यांच्या पणज्या-पणजोबांनीही कधीतरी हाच निर्णय घेतला असेल, कदाचित त्याच दुष्काळाच्या आगेमागे. त्यांनी काय सोडले, गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिले का, शेताचे काय झाले, घरातले किती जण बरोबर आले आणि किती मागे राहिले, मुलांना शाळेत घालण्यासाठी काय काय विकले, हे कोणत्याच पुस्तकात मला सापडत नाही. त्यांना 'पोटासाठी बाटले' असे एका शब्दात निकालात काढणारे पुष्कळ भेटले. पण टिळकांच्या मनाचा आपण इतका बारकाईने विचार करतो, मग त्यांच्या मनाचा का नाही? पोट आणि श्रद्धा एकाच देहात राहतात, आणि भाकरीबरोबर अक्षर आणि मान मिळतो तिथे माणसाचे मन वळते, यात कमीपणा कसला?

म्हणून मेळाव्याला येताना त्या पाच-सहा जणांनी घरातली जुनी कागदपत्रे, बाप्तिस्म्याचा दाखला, आजीच्या हातची गीतांची वही, जे असेल ते घेऊन यावे. मी वही आणि पेन घेऊन जेवणानंतर वडाखाली बसलेला असेन.