अहिपूतन : एका बालविकाराची नावे व निदान

गोंदिया जिल्हा 1999 साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. मराठी, झाडीबोली, पोवारी व गोंडी नांदत असलेल्या या भातशेतीच्या मुलखात श्रावणात बाळुती लवकर वाळत नाहीत. ओलसर कापडाखाली तान्ह्या बाळाची कातडी लाल होऊन सोलवटते. ‘डायपर रॅश’ हे आजचे नाव दोष कापडावर ठेवते. प्राचीन वैद्यांनी तो अन्यत्र शोधला होता.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांत, ‘अहिपूतन’ येते. मलमूत्राने माखलेला गुदभाग न धुतल्यास अथवा घामाने ते होते, असे तेथील निदान आहे. वाग्भट पृष्ठारु, गुदकुट्ट, मातृकादोष ही पर्यायनामे देतो आणि चिकित्सेचा आरंभ धात्रीच्या दुधाच्या शोधनापासून करतो. बाळाच्या विकारासाठी स्तनदेला औषध, हे आज पटण्यासारखे नाही.

1921 साली अमेरिकेत कुक यांनी मूत्रातील अमोनियाला दोषी ठरविले. ते मत अर्धशतक टिकले. 1977 मध्ये लेडन व सहकाऱ्यांना विकार असलेल्या व नसलेल्या बाळांच्या अमोनियात फरक आढळला नाही. 1986 मध्ये बर्ग व सहकाऱ्यांनी दाखविले की मूत्रामुळे अल्कता वाढून मलातील पाचकद्रव्ये कातडीला इजा करतात. ‘न धुतलेले मलमूत्र’ हे जुने निदान असे पुन्हा जवळ आले. अर्थात अल्कता सुश्रुताला ठाऊक नव्हती.

उपचारही त्यातूनच निघतो : कोमट पाण्याने धुणे, टिपून कोरडे करणे, काही वेळ उघडे ठेवणे, मग झिंक ऑक्साइडचे मलम. बोरिक भुकटी मात्र वर्ज्य. तिने बाळे दगावल्याच्या नोंदी आहेत. जांघेच्या घड्यांत लाल ठिपके पसरल्यास ती बहुधा बुरशी असते, आणि तिला डॉक्टरांचे औषध लागते.